बांधावरची मूठभर माती : प्रकल्प नोंदी

२२ एप्रिल

कॉलेजच्या फायलीत प्रकल्पाचं नाव भारदस्त आहे : ‘शेतजमिनीतील जीवसृष्टीचा तुलनात्मक अभ्यास’. आम्ही आपसांत त्याला बांधाचं काम म्हणतो.

सुचलं जीवामृतावरून, म्हणजे शेतात टाकायच्या आंबवलेल्या द्रावणावरून. नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांच्या कृतीत २०० लिटर पाण्याला १० किलो देशी गाईचं शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि वर बांधावरची मूठभर माती लागते. आमच्या चोपडा तालुक्यात (जळगाव जिल्हा) एका शेतकरी गटाने मागच्या हंगामात प्रात्यक्षिक ठेवलं. ड्रम आला, शेण आलं, गूळ-बेसन आलं आणि मातीपाशी काम अडलं. नांगरलेला नाही, जाळलेला नाही, तणनाशक मारलेलं नाही असा बांध जवळपास सापडेना. शेवटी कुणीतरी मारुतीच्या देवळामागून घमेलंभर माती आणली. लोक हसले. मला ती गोष्ट हसण्यासारखी वाटली नाही. ती माती म्हणजे जीवामृताचं विरजण. विरजणच संपलं तर दूध कितीही आणा, दही कशाचं लावणार?

तेव्हा प्रश्न असा : वावरातल्या मातीत जीव टिकायला बांध लागतो का? लागत असेल तर किती?

जागा चार धरल्या. जिभाऊंची कोरडवाहू कपाशी, त्याला लागून नानांची ड्रिपवरची केळी, दोघांच्या मधला सामाईक बांध आणि सातपुड्याच्या पायथ्याला संगीताच्या घरचं शेत. संगीता आमची तृतीय वर्षाची विद्यार्थिनी, पावरा आदिवासी कुटुंबातली. तिच्याकडे ज्वारी, तूर, उडीद एकातच पेरतात. जिभाऊ आणि नाना माझ्या वडिलांचे चुलत भाऊ. दोघांचं एकमेकांशी बोलणं बेताचं, आणि त्याचं कारण हाच बांध.

२९ एप्रिल

जिभाऊंनी ट्रंकेतून मृदा आरोग्य पत्रिका काढून दिली, प्लास्टिक लावून जपलेली. ही योजना १९ फेब्रुवारी २०१५ला राजस्थानातल्या सुरतगढला सुरू झाली. पत्रिकेवर १२ गोष्टी असतात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक. जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन. मग सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब.

विद्यार्थ्यांना विचारलं, यात जिवंत काय आहे? रूपेश म्हणाला, सेंद्रिय कर्ब. अर्धं बरोबर. कर्ब म्हणजे खायला किती शिल्लक आहे त्याचा आकडा. खाणारे कोण, किती, कुठल्या जातीचे, याबद्दल पत्रिका गप्प आहे. पृथ्वीवरच्या एकूण जातींपैकी जवळपास ५९ टक्के मातीत राहतात असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यासाठी पत्रिकेवर एक रकानाही नाही. पत्रिका वाईट नाही, खताचा हिशेब तिच्यामुळेच जमतो. पण तिच्यावरून माती ‘निरोगी’ म्हणायची असेल तर मला ते पटत नाही.

१२ मे

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली. झोके उतरले, माहेरवाशिणी परतल्या, आम्ही दुपारी दोनला वावरात. ही वेळ मुद्दाम घेतली.

कपाशीचं वावर उन्हाळी नांगरट करून उघडं पडलेलं. वरच्या दोन सेंटीमीटरमध्ये थर्मामीटर खुपसला तर पारा पंचावन्नच्या वर. दहा पावलांवर बांधावर हिवराच्या सावलीत, वाळल्या मारवेल गवताच्या थराखाली तोच थर्मामीटर चाळिशीच्या आत. ऊन तेच, तास तोच. नांगरटीचा फायदा मला माहीत आहे : किडींचे कोष उन्हात येतात, पक्षी टिपतात, हरळीच्या काशा वाळतात. पण उन्हात कोष येतात तसंच बाकीचं सगळंही येतं.

बांध खोदणं सोपं नव्हतं. काळी माती मे महिन्यात दगड होते. पहार मारून, ढेकूळ सुटं करून हाताने फोडायचं. वीतभर खाली वाळवीची भुयारं लागली, ती अपेक्षित होतीच. उन्हाळ्यात आपल्याकडे पालापाचोळा खाली नेण्याचं काम बहुतेक वाळवीच करते. त्याच्याही खाली एका ढेकळाचे दोन तुकडे झाले आणि मधे लिंबोळी मावेल एवढी गोल पोकळी दिसली. आतून गुळगुळीत, सारवल्यासारखी. तिच्यात गांडूळ स्वतःला गाठ मारून पडलेलं, रंग उडालेला, हलत नव्हतं. तळहातावर घेऊन ओल्या फडक्यात ठेवलं. बऱ्याच वेळाने गाठीचं एक टोक जरासं सरकलं. ही त्याची ग्रीष्मनिद्रा. पावसाचं पाणी तिथवर पोचेपर्यंत ते असंच राहतं, अर्थात तोवर फाळ पोचला नाही तर.

फोटो काढून ते पुन्हा खड्ड्यात ठेवलं, माती दाबून पाणी घातलं. नाना बांधावरून बघत होते. म्हणाले, “पोरी, माटीना बी पंचनामा व्हस का आते?” मग थोडं थांबून, “आमना येळले नांगरना मांगे बगळास्नी रांग ऱ्हाये.”

हे नोंदवून ठेवते आहे, कारण याहून सोपी चाचणी मला माहीत नाही. फाळ माती उलटवतो तेव्हा मागे बगळे येतात ते गांडुळं आणि हुमणीच्या अळ्या टिपायला. आता ट्रॅक्टरमागे बगळा दिसला तर पोरं मोबाईल काढतात.

९ जून

मृगाचा पहिला पाऊस रात्री झाला. सकाळी बांधावर मृगाचे किडे. लाल मखमली, आठ पायांचे. किडा म्हणतात खरं, पण नातं कोळ्यांशी आणि गोचिडांशी. वर्षातला जवळजवळ सगळा काळ जमिनीत काढतात आणि पहिल्या सरींनंतर थोडे दिवस वर येतात. पिल्लं नाकतोड्यांच्या अंगावर चिकटून जगतात. मोठे झाल्यावर वाळवी आणि इतर किड्यांची अंडी खातात.

बांधावर पावला-पावलाला दिसले. कपाशीत आम्हाला एकही मिळाला नाही. केळीत बांधाकडच्या पहिल्या दोन ओळींत होते, पुढे नाहीत. माझ्या मते आजवरची सगळ्यात बोलकी नोंद हीच. बांधावरून जीव वावरात उतरतो, पण फार लांब जात नाही.

औषधी तेलासाठी हे किडे विकत घेणारे लोक आहेत. गावातली दोन पोरं काडेपेटी घेऊन आलीच होती. रूपेशने त्यांना नाकतोड्यावर चिकटलेली पिल्लं भिंगातून दाखवली तेव्हा काडेपेटी खिशात गेली. उद्या पुन्हा निघेल, पण आजचं भागलं.

२३ जून

वाफसा आला, म्हणजे माती खोदण्याजोगी ओलसर झाली. आजपासून खरी मोजणी.

पद्धत उष्ण प्रदेशांतल्या माती-अभ्यासात सर्रास वापरतात तीच : २५ बाय २५ सेंटीमीटरचा चौकोन, ३० सेंटीमीटर खोल. अख्खा चौकोनी गठ्ठा काढायचा, ताडपत्रीवर पसरायचा आणि हाताने निवडायचा. काळ्या मातीत वाफशाच्या एक दिवस आधी गेलं तर ती कुदळीला, बुटाला, केसांना चिकटते. दोन दिवस उशीर झाला तर पुन्हा दगड.

गांडुळांची ढोबळ वाटणी तीन राहणीमानांवर करतात. पालापाचोळ्यात राहणारी, गडद रंगाची. वरच्या थरात आडवी बिळं करून माती खाणारी, फिकट. आणि खोल उभी बिळं करून रात्री वर येऊन पाला ओढून नेणारी. बांधावर तिन्ही प्रकार मिळाले. खोल बिळांतली बाहेर काढायला मोहरीची पूड पाण्यात कालवून बिळात ओतली. मोहरीचा झणका कातडीला लागला की ती वर येतात. लगेच साध्या पाण्यात धुऊन घ्यायची, नाहीतर हाल होतात.

जिभाऊंच्या कपाशीत फिकट, मधल्या थरातली तेवढी सापडली, तीही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. उभं बीळ एकही नाही. दरवर्षी फाळ आणि रोटाव्हेटर फिरतो तिथे खोल बीळ टिकणार कसं? आणि उभी बिळं गेली की काळ्या जमिनीत पाणी उतरायची वाटच जाते. भेगा असतात, पण पहिल्या दमदार पावसात ही माती फुगते आणि भेगा मिटतात. मग पाणी वर साचतं, कपाशी पिवळी पडते आणि आपण युरिया टाकतो.

केळीने मात्र आमचा अंदाज चुकवला. ड्रिपच्या लॅटरल नळीखाली, कुजणाऱ्या पानांच्या आणि खोडाच्या तुकड्यांच्या थरात गांडुळंच गांडुळं. नाना खूश. पण सगळी जवळपास एकाच जातीची, पाला खाणारी, आणि नाना दरवर्षी गांडूळखत टाकतात. खताच्या बेडमध्ये असतात ती आयसेनिया किंवा आफ्रिकेतली युड्रिलस. ती कचरा खातात, माती खोदत नाहीत. ओल आणि पाला आहे तोवर राहतील. मोजणीत संख्या भरपूर दिसेल, काम एकाच प्रकारचं चालेल.

संगीताच्या शेतात जमीन उथळ, हातभर खाली मुरूम. गांडुळं बांधापेक्षा कमी निघाली. पण गोम, वाणी, मुंग्यांचे चार-पाच तऱ्हेचे समूह, शेणकिड्यांच्या अळ्या अशी विविधता तिथेच जास्त दिसली. ‘आदिवासी शेत म्हणजे सगळं उत्तमच’ असं लिहायचा मोह होतो, म्हणून आकडे जसेच्या तसे वहीत ठेवलेत.

८ जुलै

बल्ब मिळेना.

डोळ्यांना न दिसणारे जीव काढायला नरसाळं लागतं. चाळणीत माती, खाली नरसाळं, त्याखाली स्पिरिटची बाटली, वर दिवा. दिव्याच्या उबेने माती वरून सुकत जाते, जीव ओलाव्याकडे खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. इटलीच्या अंतोनियो बर्लीज यांनी १९०५ साली ही युक्ती गरम पाण्याच्या वेढ्यावर केली. पुढे १९१८मध्ये स्वीडनच्या टुलग्रेन यांनी विजेचा दिवा आणला. तो दिवा तारेचा, तापणारा. आता दुकानात एलईडीशिवाय काही नाही आणि एलईडीला उब नाही. चोपड्यातली विजेच्या सामानाची दुकानं पालथी घातली. शेवटी कोंबडीची पिल्लं उबवणाऱ्या एका पोल्ट्रीवाल्याने जुने साठ वॅटचे बल्ब काढून दिले आणि बदल्यात ‘काय निघतं ते मलाबी दाखवा’ अशी अट घातली.

दाखवलं. बांधाच्या बाटलीत स्प्रिंगटेल नावाचे इवले जीव इतके की पाण्यावर पिठाचा थर वाटावा. पोटाखाली दुमडलेला काटा असतो, तो सुटला की उडी. बुरशी खातात आणि तिचे बीजाणू इकडून तिकडे नेतात. त्यांच्यासोबत चकचकीत तपकिरी पाठीचे माइट (मृगाच्या किड्याच्याच गोतातले), टाचणीच्या टोकाहून लहान. हे फार सावकाश वाढतात. माती वारंवार हलवली तर त्यांची पिढीच पुरी होत नाही. कपाशीच्या बाटलीत स्प्रिंगटेल थोडे होते, तपकिरी माइट शोधूनही सापडेनात.

पोल्ट्रीवाले बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. जाताना म्हणाले, उरलेले बल्बबी न्या.

२६ जुलै

सूत्रकृमी, म्हणजे मातीतले धाग्यासारखे बारीक कृमी. कृतीला रात्र लागते आणि सामान घरातलंच : नरसाळं, रबरी नळी, चिमटा, टिश्यू पेपर. पेपरवर माती, पेपर पाण्याला टेकलेला. सूत्रकृमी वळवळत पाण्यात उतरतात, पण वर पोहता येत नसल्याने नळीच्या तळाशी जमतात. सकाळी चिमटा सोडला की पहिल्या थेंबांतच सगळे.

ओळख तोंडावरून. पिकाच्या मुळांवर जगणाऱ्यांच्या तोंडात सुई असते. जिवाणू खाणाऱ्यांचं तोंड नुसती नळी. आणि एक शिकारी जात असते, तिच्या तोंडाचा डबा मोठा आणि आत एक दात. बांधाच्या थेंबात रूपेशला असा शिकारी सापडला आणि त्याच्या पोटात गिळलेला दुसरा सूत्रकृमी आरपार दिसत होता. सगळा वर्ग ओळीने बघून गेला. कॉमर्सची पोरंही आली.

केळीच्या थेंबात सुईवालेच जास्त. एक मूळ उपटून पाहिलं तर गाठी. म्हणजे नानांच्या बागेत मुळांवर गाठी करणारा सूत्रकृमी बसला आहे. पूर्वी लागवडीच्या खड्ड्यात फोरेट या कीटकनाशकाचे दाणे टाकायची सवय होती. ३१ डिसेंबर २०२० पासून फोरेटवर देशात बंदी आहे. ते दाणे सुईवाल्यासोबत दातवाल्यालाही मारायचे, आणि नंतर परत वाढायला सुईवाल्याला केळीचं मूळ हजर असतं, दातवाल्याला मात्र खायला काही उरलेलं नसतं. नानांना बागेभोवती आणि मोकळ्या पट्ट्यात झेंडू लावायला सुचवलं. झेंडूच्या मुळांतलं द्रव्य गाठीच्या सूत्रकृमीला मानवत नाही, आणि दसऱ्याला फुलं विकली जातात. यातलं दुसरं कारण नानांना जास्त पटलं.

२४ ऑगस्ट

जुलैच्या सुरुवातीला चारही जागी मांजरपाटाच्या पट्ट्या पुरल्या होत्या, कपाशीच्याच जिल्ह्यात कापूस कुजवायला. (पोरांनी आधी जुने बनियन आणले होते. निम्म्यांत पॉलिएस्टर निघालं. ते वर्षभर पुरलं तरी तसंच.) सुताचा धागा म्हणजे सेल्युलोज. तो फोडणारी बुरशी आणि जिवाणू किती कामात आहेत ते पट्टीवरून कळतं. पोळ्याच्या आधी काढायच्या ठरल्या होत्या, आज काढल्या.

बांधावरची पट्टी उचलता येईना, चार धागे हातात आले. कपाशीतली पट्टी डागाळलेली पण धडधाकट, ताणून पाहिली तरी फाटेना. इथवर अपेक्षेप्रमाणे. केळीतली पट्टी मात्र बांधाइतकीच कुजलेली. तिथे पाणी रोज, नत्र ड्रिपमधून, पाला भरपूर. कुजवणाऱ्यांना आणखी काय हवं? म्हणून या चाचणीवर एकटीवर विसंबू नये. किती कुजतंय हे ती सांगते, किती प्रकारचे जीव कुजवताहेत हे नाही.

ढेकळाची चाचणी मला जास्त आवडते, पाच मिनिटांत होते. सुकलेलं सुपारीएवढं ढेकूळ जाळीवर ठेवून पाण्याच्या ग्लासात सोडायचं. जिभाऊंच्या वावरातलं ढेकूळ बुडबुडे सोडत भुसकन बसलं, पाणी गढूळ. बांधाचं ढेकूळ तसंच राहिलं, पाणी नितळ. माती तीच, एकाच बेसाल्टची. फरक आहे तो बुरशीच्या धाग्यांचा आणि जिवाणूंच्या डिंकाचा, जो कण धरून ठेवतो. जिभाऊ दोन्ही ग्लास घेऊन घरात गेले आणि काकूंना दाखवून आणले. पत्रिकेचं बारा रकान्यांचं कोष्टक त्यांनी कधी काकूंना दाखवल्याचं ऐकिवात नाही.

१५ सप्टेंबर

मुळं रंगवली. यासाठी महागडा रंग लागायचा. १९९८ साली पेनची काळी शाई आणि घरगुती व्हिनेगर यांनी तेच काम होतं अशी पद्धत प्रसिद्ध झाली आणि आमच्यासारख्या कॉलेजांचं भलं झालं. कोवळी मुळं कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात उकळून पारदर्शक करायची, मग शाई-व्हिनेगरमध्ये. हातमोजे आणि चष्मा सक्तीचे, कॉस्टिक पोटॅश कातडी खातो.

बांधावरच्या मारवेलचं मूळ काचेवर घेतलं. पेशींच्या मधून निळे धागे, आणि काही पेशींत धाग्याला फाटे फुटून फुटून झालेली बारीक झाडं. हीच ती मुळांवरची मित्रबुरशी, मायकोरायझा. हा शब्द १८८५ साली जर्मनीच्या आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक यांनी रूढ केला. मूळ तिला साखर देतं, ती लांबून स्फुरद आणि जस्त आणून देते. कपाशी आणि केळी दोघीही तिच्यावर बऱ्याच विसंबून असतात.

केळीच्या मुळांत मात्र शोधून शोधून तुरळक धागे. ड्रिपमधून १२:६१:०० हे स्फुरदाचं खत चालू. आयतं स्फुरद मिळत असताना झाड बुरशीला साखर कशाला देईल? कपाशीतही कमी, पण तिथे कारण वेगळं असावं. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. पऱ्हाटी (कपाशीची वाळली झाडं) उपटल्यापासून पुढच्या पेरणीपर्यंत जिभाऊंच्या वावरात हिरवं पातं नसतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या काळ्या मातीत नेमकं हेच तपासलं गेलं आहे : जमीन जास्त काळ पडीक ठेवली की या बुरशीची संख्या घटते आणि पुढचं पीक खत असूनही स्फुरद-जस्ताच्या कमतरतेने खुरटतं. तिकडची काळी माती आणि आपली एकाच जातकुळीची, फुगणारी-भेगाळणारी.

बांधावर मुळं बारा महिने असतात. विरजण तिथे टिकतं ते यामुळे.

६ ऑक्टोबर

बांध गेला. म्हणजे सगळा नाही, जिभाऊंच्या बाजूने दोन फूट, निम्म्या लांबीपर्यंत. बांधालगतच्या हरभऱ्याच्या तुकड्यात पाळी घालायला ट्रॅक्टर भाड्याने आणला होता, चालक बाहेरगावचा, त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. मातीत ओल होती, फाळ आरामात आत गेला. आमच्या दोन खुणेच्या काठ्या मोडून पडल्या. एक हिवराचं मूळ उघडं पडलंय.

संध्याकाळी नाना तापले. जिभाऊ म्हणाले, मी नव्हतो. दोघांच्या आवाजावरून गल्लीला कळलं की प्रकरण बांधाचं आहे. मी काही बोलले नाही. खरवडलेल्या भागाचे नमुने उद्या घेऊन ठेवते. हानी झालीच आहे तर ती भरून यायला किती काळ लागतो ते तरी मोजू.

१९ ऑक्टोबर

पारावर बैठक. इथे नानांनी काढलेला मुद्दा खोडता येणारा नव्हता, म्हणून सविस्तर.

नाना म्हणाले, बांध राखा म्हणता, पण केळीला हरण्या येतो त्याचं काय? हरण्या म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू. तो मावा किडीमार्फत पसरतो आणि केना, रानवेली, काकडीवर्गीय पिकं यांत दबा धरून बसतो. त्यामुळे बाग आणि बांध तणमुक्त ठेवा असा कृषी खात्याचाही सल्ला असतो. कपाशीवाल्यांचं तसंच : गाजरगवतावर पिठ्या ढेकूण पोसतो. बांध हा नुसता मित्रांचाच अड्डा आहे असं सांगणं खोटं होईल.

पण तणमुक्त म्हणजे उघडा नव्हे. केना, गाजरगवत, रानवेली फुलायच्या आत उपटा. मारवेल, पवन्या, हरळी राहू द्या. घट्ट गवत असलं की तिथे गाजरगवताला शिरायला जागा कमी मिळते. जाळू नका, कापा. तणनाशकाचा पंप बांधावर नको. ग्लायफोसेटवर तर ऑक्टोबर २०२२मध्ये केंद्रानेच बंधन घातलं, अधिकृत कीडनियंत्रकांशिवाय कुणी मारायचं नाही.

जिभाऊंचा प्रश्न याहून सरळ : “बांध सोडा ते सोडा, पन गवत कोन कापी?” मजुरी कुणाची, गवत कुणाचं. खरा वाद तिथे आहे, जैवविविधतेत नाही.

मग हिशेब मांडला. बांध तीनशे फूट लांब. जुना सहा फूट रुंद होता असं दोघंही मान्य करतात (हे एवढंच मान्य करतात). म्हणजे १,८०० चौरस फूट. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. दोघांत मिळून पावणेदोन गुंठेही भरत नाहीत. जिभाऊंच्या वाट्याला कपाशीची फार तर एक ओळ. एका ओळीसाठी दोन घरं बोलत नाहीत, हे मी मनात म्हटलं. काकूंनी ते मोठ्याने म्हटलं.

१० नोव्हेंबर

ठरलं ते असं. दोघांनी दोरी धरून सहा फूट आखले, दर तीस फुटांवर दगड रोवून चुना लावला. पुढे कुणाचाही ट्रॅक्टर आला तरी चालकाला दगड दिसेल. गवत एक वर्ष जिभाऊंच्या म्हशीला, एक वर्ष नानांच्या बैलांना. कापणीची मजुरी ज्याचं गवत त्याची. काहीही लिहून घेतलेलं नाही, लिहायला काढलं असतं तर फिसकटलं असतं.

खरवडलेल्या पट्ट्यात मारवेलची ठोंबं लावली, नानांच्या लॅटरलला एक नळी जोडून पाणी दिलं. ठोंबं बांधाच्या राखलेल्या भागातून मातीच्या गोळ्यासकट काढली, मुळं धुतली नाहीत. मुळांसोबत बुरशी, माइट, सूत्रकृमी सगळंच येऊ दे.

जिभाऊंनी हरभऱ्याला रायझोबियमचं पाकीट लावलं, दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम. चांगलंच आहे, हरभऱ्याच्या गाठींसाठी नेमका जिवाणू लागतो आणि तो पाकिटातून मिळतो. पण गटातले काही जण आता सगळंच बाटलीत शोधू लागलेत : मायकोरायझाची बाटली, ट्रायकोडर्माची बाटली, ‘ह्यूमिक’ लिहिलेली काळी बाटली. उघड्या, तापलेल्या, पाला नसलेल्या जमिनीत ते जीव सोडून काय होणार? त्या पैशांत बांधाचं गवत कापून होतं.

५ डिसेंबर

जागतिक मृदा दिन. संयुक्त राष्ट्रांनी तो २०१४पासून पाळायला घेतला. तारीख थायलंडच्या राजे भूमिबोल यांच्या जन्मदिवसाची. कॉलेजात बॅनर, शपथ, फोटो. ते उरकून आम्ही शिवारात.

मारवेलची ठोंबं दहातली सहा-सात धरली आहेत, उरलेल्या जागी पुन्हा लावली. खरवडलेल्या पट्ट्यातलं ढेकूळ ग्लासात सोडलं तर अजून भुसकन बसतं, राखलेल्या भागातलं तसंच टिकून. नरसाळ्यात स्प्रिंगटेल परतलेत, तपकिरी माइट नाहीत. ते यायला माझ्या अंदाजाने दोन-तीन पावसाळे जातील.

जीवामृतवाला गट येऊन गेला. मूठभर माती हवी होती. जिभाऊंनी दिली, आणि मागाहून दुसऱ्या गटाचा माणूस आला त्यालाही दिली. तिसऱ्याला मात्र विचारलं, तुझ्या बांधाला काय झालं? तो म्हणाला, भावाने कोरला. दोरी धरून बांध आखायची आणि चुना लावलेले दगड रोवायची आमची रीत त्याला कागदावर लिहून दिली. शनिवारी त्यांच्या गावी बोलावलंय, दोन्ही भाऊ हजर असतील तरच येऊ असं कळवलं आहे.

फेब्रुवारीसाठी कामं : पऱ्हाटी न जाळता बारीक करून पसरायला जिभाऊ अर्धा एकर देणार आहेत, तिथे पट्ट्या पुरणे. त्याआधी पऱ्हाटीत लपून राहणाऱ्या शेंद्री बोंडअळीच्या भीतीचं उत्तर शोधणं भाग आहे. पऱ्हाटी बांधावर रचून ठेवायची नाही, लगेच कुट्टी करायची, आणि कुट्टीयंत्राचं भाडं कुणी द्यायचं ते ठरवायचं. नानांच्या बागेत झेंडूच्या पट्ट्यालगतची मुळं पुन्हा तपासणे. संगीताच्या शेतात उन्हाळ्यातली मोजणी राहिली आहे, ती मेमध्येच. बल्ब दोन उडाले, पोल्ट्रीवाल्यांकडे निरोप धाडला आहे.